तात्यांचा पखवाज कुठे गेला?

मागच्याच्या मागच्या वर्षी आमच्या आजोळी सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं. गाव शिरूर तालुक्यातलं, हजार-बाराशे उंबऱ्यांचं. पखवाजावर तात्या, म्हणजे आईचे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. मांडवातल्या साउंडवर मामा, म्हणजे तात्यांचाच मुलगा. त्याचा मंडप-स्पीकरचा धंदा आहे. आणि यूट्यूबवरच्या लाइव्हवर मी. मी दौंडचा, इंजिनिअर झालेला, खराडीत सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी. घरात कुणाचा प्रिंटर अडला तरी मलाच फोन येतो, त्यामुळे लाइव्हही माझ्याच गळ्यात.

मी मामाच्या मिक्सरच्या मागच्या ‘रेकॉर्ड आउट’मधून एक केबल काढली, लॅपटॉपला जोडली, ओबीएस चालू केलं आणि मीटरकडे बघत बसलो. दोन तास आवाज हिरव्यातून पिवळ्यात खेळत होता, लाल एकदाही नाही. मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. मांडवात तर तात्यांनी कमाल केली होती. शेवटच्या गजराला टाळकऱ्यांचे पाय आणि त्यांचा हात अशी काही लय लागली की मागे बसलेल्या बायका उभ्या राहिल्या.

संध्याकाळी ओट्यावर बसून तात्यांना मोबाइलवर व्हिडिओ लावून दिला. ते पाच मिनिटं बघत राहिले. कीर्तनकार बुवांचा आवाज स्वच्छ. पेटी स्वच्छ. टाळ म्हणजे लांब कुठेतरी कुणीतरी भांडी घासतंय असा. आणि पखवाज? चित्रात तात्यांचे हात चालताहेत आणि आवाज नाही. अगदीच नाही असं नाही; कान देऊन ऐकलं तर एखादी टिचकी. तात्या म्हणाले, “मी वाजवलं नव्हतं का रं?”

चेष्टेनं म्हणाले असते तर सोसलं असतं. ते खरंच विचारत होते.

मी मामाकडे बोट दाखवणार होतो. पण मामाचं काहीच चुकलं नव्हतं, आणि तेच समजून घ्यायला मला पुढचे कित्येक महिने लागले. त्या महिन्यांत जे वाचलं, विचारलं, खोललं, ते इथे लिहितोय.

आधी साधी गोष्ट. मांडवातला पखवाज स्वतःच मोठा असतो. पुढच्या दहा रांगांना तो माइकशिवाय छातीत बसतो. मामा हुशार, त्यानं पखवाजाला माइक दिला, पण फेडर जेमतेम उचलला, मागच्या रांगांपुरता. बुवांचा गळा दोन तासात बसलेला, म्हणून त्यांचा फेडर वर. टाळांना माइकच नाही, कारण पंधरा जोड टाळांना माइकची गरजच काय? मांडवात बसलेल्या माणसाच्या कानावर जे पडतं ते दोन गोष्टींची बेरीज असते: स्पीकरमधून आलेला आवाज अधिक वाद्यातून थेट आलेला आवाज. मामा फक्त उणीव भरून काढत होता. आणि मी त्याच्या मिक्सरमधून केबल काढून काय घेतलं? फक्त ती उणीव. जे मुळातच मोठं होतं ते माझ्या केबलमध्ये आलंच नाही. मीटर हिरवं दाखवत होतं कारण जे आलं ते योग्य पातळीवर आलं होतं. जे आलंच नाही ते मीटर कसं दाखवणार?

म्हणजे एका कार्यक्रमाचे श्रोते दोन, आणि त्यांना लागणारी मिश्रणं दोन. हे इतकं उघड आहे तर मला आधी का सुचलं नाही? आणि ते पहिल्यांदा कुणाला सुचलं?

वीज नव्हती तेव्हा मिक्सिंग पायांनी व्हायचं. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग कोलकात्यात आला आणि त्यानं गौहर जानचं गाणं तबकडीवर घेतलं. माइक नाही. समोर एक मोठा पत्र्याचा कर्णा, त्याच्या टोकाला पडदा आणि सुई. गाणारीचं तोंड कर्ण्यात, साथीदार मागे. कोण किती मोठा हवा हे तो कर्ण्यापासून किती लांब बसतो यावर ठरायचं. वरचा सूर लागला की मागे सरकायचं. ढोल-नगाऱ्यांना त्या खोलीत फारसं स्वागत नसे. जोरात थाप पडली की सुई उडायची. व्हायोलिन तर इतकं हळू की त्याला लाकडी पोटाऐवजी कर्णा बसवलेलं खास स्ट्रोह व्हायोलिन बनवलं गेलं. तालवाद्य नेहमी मागे, हा नियम तबकडीच्या जन्मापासूनचा आहे. तात्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मग आमचं दुखणं जुनंच हाय.”

पण आपल्याकडचं कीर्तन नीट बघा. बुवा मध्ये, पुढे. मागे टाळकऱ्यांच्या रांगा. एका अंगाला मृदंग, विणेकरी आपल्या जागी. बुवा बोलायला लागले की टाळ थांबतात, मृदंग थांबतो. अभंगाचं ध्रुपद आलं की सगळे एकदम उचलतात. शेकडो लोकांपर्यंत शब्द पोचावेत म्हणून केलेलं हे नियोजन आहे, आणि त्यात फेडरचं काम शिस्तीनं होतं. तमाशातही तसंच. शाहिराच्या मागे सुरत्ये आणि झीलकरी उभे असतात. शाहिरानं ओळ सोडली की ते वरच्या पट्टीत ती धरून ठेवतात. त्या उंच पट्टीचं एक कारण अगदी व्यावहारिक आहे. उघड्या माळावर, रात्री, हजार माणसांत खालचा सूर विरून जातो.

न्हावऱ्याहून दौंडकडे येणारा रस्ता चौफुल्याला सोलापूर हायवेला मिळतो. चौफुला म्हटलं की पुणे जिल्ह्यातला माणूस गालातल्या गालात हसतो, कारण तिथली कलाकेंद्रं. तिथं संगीतबारी चालते: छोटी बैठक, समोर मोजके लोक, पेटी, ढोलकी, तबला, घुंगरू. माझ्या दृष्टीनं ती खोली म्हणजे आवाजाच्या गणिताचा धडा आहे. घुंगरांचा आवाज गाण्याच्या वर जात नाही, ढोलकी शब्दांना खात नाही, आणि हे सगळं वाजवणाऱ्यांच्या हातातून. तीच बारी मोठ्या मैदानावर नेली आणि हातात माइक दिला की सगळं पुन्हा पहिल्यापासून जुळवावं लागतं.

८ जुलै १९२१ या दिवशी मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संगीत मानापमान’चा संयुक्त प्रयोग झाला. बालगंधर्व आणि केशवराव भोसले एका रंगमंचावर, टिळक स्वराज्य फंडासाठी. मराठी रंगभूमीवर हा प्रयोग दंतकथा होऊन बसलाय. माइक नव्हता. जे ऐकू गेलं ते गळ्यातून, ऑर्गनमधून आणि थिएटरच्या भिंतींतून. त्याच वर्षी, चार महिन्यांनी, ११ नोव्हेंबर १९२१ ला अमेरिकेत आर्लिंग्टनच्या दफनभूमीत अज्ञात सैनिकाचा अंत्यविधी होता. राष्ट्राध्यक्ष हार्डिंग बोलले. त्यांचं भाषण समोरच्या गर्दीसाठी लाउडस्पीकरवर गेलं, आणि तोच आवाज टेलिफोनच्या लांब पल्ल्याच्या तारांवरून न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आणि थेट सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या लोकांनाही ऐकवला गेला. वक्ता एक, गर्दी तीन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी आपापले ॲम्प्लिफायर आणि आपापले स्पीकर. मी मांडवात जे करत होतो त्याचा हा पणजोबा.

आणि हे करणारी मंडळी टेलिफोन कंपनीची होती, हा योगायोग नाही. आवाज तारेवरून लांब गेला की किती क्षीण होतो, हे मोजण्याची गरज त्यांनाच होती. आधी ते ‘एक मैल केबल’ असं माप वापरायचे. १९२४ च्या सुमारास त्याजागी ‘ट्रान्समिशन युनिट’ आलं आणि काही वर्षांत त्याचंच नाव ग्रॅहम बेलवरून डेसिबल झालं. सिग्नल-चौकात पोलिसांच्या हातात जे यंत्र असतं, गणपतीत ज्यावरून भांडणं होतात, ते डेसिबल मुळात टेलिफोनच्या तारेत वाया गेलेल्या आवाजाचं माप आहे.

डेसिबलचं गणित शाळेत कुणी नीट सांगत नाही म्हणून एका परिच्छेदात सांगतो. ही बेरजेची नाही, गुणाकाराची पट्टी आहे. १० डेसिबल वाढले म्हणजे शक्ती दहापट. ३ वाढले म्हणजे दुप्पट. कानाला मात्र १० वाढल्यावर कुठे ‘दुप्पट मोठा’ वाटतो. म्हणून मामाला कुणी “जरा वाढीव की” म्हटलं, तर त्याच्या मशीनवर (खेड्यात ॲम्प्लिफायरला मशीनच म्हणतात) दहापट भार येतो आणि सांगणाऱ्याला वाटतं, जरा तरी वाढला. मशीनं जळतात ती अशी.

भारतात सभांना लाउडस्पीकर पोचवणाऱ्यांत एक नाव फार मोठं आहे: शिकागो रेडिओ. नाव अमेरिकन, कंपनी मोटवानी कुटुंबाची, सुरुवात सिंधमधली, पुढे बस्तान मुंबईत. नानक मोटवानी १९३० च्या दशकात काँग्रेसच्या अधिवेशनांना कर्णे लावायचे. जुन्या फोटोंत नेत्यांच्या तोंडासमोर जो माइक दिसतो त्यावर पुष्कळदा ‘शिकागो’ अशी पाटी असते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत भूमिगत काँग्रेस रेडिओ सुरू केला. नोव्हेंबरात पोलिसांनी तो पकडला. त्या खटल्यात नानक मोटवानीही आरोपी होते. पुढे ते सुटले. साउंडवाल्याला कार्यक्रमपत्रिकेत कधी नाव नसतं, पण आरोपपत्रात एकदा आलं होतं, हे मी मामाला अभिमानानं सांगितलं. मामा म्हणाला, “आपलंबी येतं की. रात्री धाच्या पुढं वाजलं की.”

मामाची थट्टा खोटी नाही. केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकारला वर्षातले पंधरापर्यंत दिवस १२ वाजेपर्यंत सूट देता येते. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. आता ५५ म्हणजे किती? दोन माणसं ओट्यावर साधं बोलताहेत, साधारण तेवढं. कोणताही सप्ताह, कोणतीही वरात, कोणतीही सभा या आकड्यात बसत नाही, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे नियम मोजून पाळला जात नाही, घड्याळ बघून पाळला जातो. हे बरं की वाईट यावर माझं मत दर गणपतीत बदलतं.

मधल्या काळात रेडिओ आला. पुणे आकाशवाणी २ ऑक्टोबर १९५३ ची. तिनं १९५६ मध्ये एक प्रयोग केला, ज्याची हकिगत युनेस्कोनं पुढे पुस्तकरूपानं छापली: ग्रामीण रेडिओ श्रोता मंडळं. पुण्यासह पाच जिल्ह्यांतली दीडशेच्या आसपास गावं. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस. गावातले पंधरा-वीस लोक एका रेडिओभोवती बसून ऐकायचे, मग चर्चा करायचे, आणि प्रश्न पुण्याला पाठवायचे. पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं यायची. पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेनं केली. लाइव्ह चॅटचा हा अवतार सत्तर वर्षांपूर्वीचा आहे आणि पोस्टखात्याच्या वेगानं चालायचा. मला यातली वेगळीच गोष्ट आवडते. पुण्यातल्या स्टुडिओत बसलेल्या इंजिनिअरला माहीत होतं की आपला आवाज हेडफोनमध्ये ऐकला जाणार नाही. चावडीत, वीस माणसांच्या खोकण्यात, बाहेर बैलांच्या घुंगरांत ऐकला जाणार आहे. श्रोता कुठे बसलाय हे गृहीत धरूनच मिश्रण करावं लागतं. मी श्रोत्याचा विचारच केला नव्हता. मी केबलचा विचार केला होता.

स्टुडिओतला इंजिनिअर ज्या काट्याकडे बघायचा त्याचीही गोष्ट आहे. १९३९ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्ज, सीबीएस आणि एनबीसी यांनी मिळून एक मीटर ठरवलं: व्हीयू, म्हणजे व्हॉल्यूम युनिट. त्याचा काटा मुद्दाम आळशी. आवाज आल्यावर पूर्ण वर जायला त्याला सुमारे ०.३ सेकंद लागतात, कारण माणसाचा कानही आवाजाची सरासरी घेतो, अशी त्यामागची कल्पना. भाषणाला, गाण्याला हे ठीक. पण पखवाजाची थाप? ‘धा’ वाजून संपेपर्यंत काटा अर्ध्यावरही आलेला नसतो. काटा सांगतो आवाज छोटा आहे, आणि तारेत तर टोक फाटलेलं असतं. युरोपातल्या रेडिओवाल्यांनी म्हणून पीक मीटर पसंत केलं, ज्याचा काटा झटकन वर उडतो आणि सावकाश खाली येतो. दोन्ही पंथांत तालवाद्याच्या बाबतीत इंजिनिअरचा हात आखडताच राहिला. फाटण्यापेक्षा कमी बरं. पिढ्यान्‌पिढ्यांची ही सवय माझ्याही हातात आली होती, मला कळलंच नाही.

दूरदर्शन मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला आलं आणि पुढच्या वर्षी पुण्यात दिसायला लागलं. आमच्याकडे घरोघरी टीव्ही पोचायला अजून पुष्कळ वर्षं जायची होती. त्या वर्षांत गावात आवाजाची सत्ता कर्ण्याची. मामानं धंदा सुरू केला तो दोन कर्णे, एक मशीन, एक बॅटरी आणि एक माइक यावर. “हॅलो, माइक टेस्टिंग” हे त्यानं आयुष्यात नमस्कारापेक्षा जास्त वेळा म्हटलं असेल.

कर्ण्याबद्दल एक गोष्ट मला मामानं दाखवली, पुस्तकानं नाही. गोदामात जुना कर्णा होता, धुळीनं भरलेला. त्यानं तो जोडला आणि पखवाजाचं रेकॉर्डिंग लावलं. पखवाजाच्या उजव्या तोंडाला शाई असते, तिथून टणत्कार निघतो. डाव्या तोंडाला, धुम्याला, वाजवण्याआधी भिजवलेली कणीक लावतात. तिथून घुमारा निघतो. कर्ण्यातून शाई ऐकू आली, धुमा गेला. एवढ्या आकाराचा कर्णा खालचे सूर फेकूच शकत नाही. “तात्या लै वर्सं कर्ण्यावर आर्धंच वाजवत व्हते,” मामा म्हणाला. “पर म्होरं बसणाऱ्याला पुरं ऐकू यायचं.” आणि तुमच्या मोबाइलचा स्पीकर? तोही याबाबतीत कर्ण्याचाच नातू. तात्यांना मी व्हिडिओ मोबाइलच्या स्पीकरवर ऐकवला होता. म्हणजे केबलमध्ये जो थोडा धुमा आला असेल, तोही शेवटच्या एका इंचात मारला गेला.

२०१२ साली दोन गोष्टी झाल्या. एक, ओबीएस हे फुकट सॉफ्टवेअर आलं, ज्यानं लॅपटॉपला प्रक्षेपण केंद्र केलं. दोन, बेहरिंगरचा एक्स-३२ नावाचा डिजिटल मिक्सर आला. त्याआधी एकाच वेळी अनेक स्वतंत्र मिश्रणं काढणारे मिक्सर मोठ्या लोकांकडे असत. या यंत्रानं सोळा बस आणि वर सहा मॅट्रिक्स मध्यम साउंडवाल्याच्या आवाक्यात आणले. बस म्हणजे काय? एकाच स्वयंपाकघरातून निघणारी वेगवेगळी ताटं. तेच माइक, पण गायकाच्या पायाशी असलेल्या मॉनिटरला एक प्रमाण, मांडवाला दुसरं, लाइव्हला तिसरं. मांडवाचा फेडर हलवला तरी लाइव्हचं ताट हलत नाही, जर तुम्ही ती बस ‘प्री-फेडर’ ठेवली असेल तर. या एका ‘जर’वर मी एक संपूर्ण हरिपाठ वाया घालवला आहे, पण ते नंतर.

चार वर्षांनी, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. मग २०२० चा लॉकडाउन. कीर्तनकार रिकाम्या खोलीत मोबाइलसमोर उभे राहिले. आणि मग बैलगाडे. सर्वोच्च न्यायालयानं मे २०१४ मध्ये शर्यती थांबवल्या होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला. शर्यती परतल्या त्या अशा जगात, जिथे घाटाच्या दोन्ही अंगांना उभे असतील त्यापेक्षा जास्त लोक मोबाइलवर बघू शकतात. जत्रेच्या दिवसांत शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नरकडचे घाट बसल्या जागी बघता येतात.

मामाबरोबर मी अशा एका घाटावर गेलो. निवेदक मंचावर, पट्टी तार सप्तकात. घोडी पुढे, मागे बैल, “झाली... भिर्रर्र!” आणि गुलाल. प्रत्यक्षात तिथे उभं राहिलं की खुरांचा धडधडाट पायाखालून वर येतो, आणि गाडा निशाणापाशी येताना गर्दीचा आवाज लाटेसारखा घाटभर सरकतो. त्याच शर्यतीचं लाइव्ह मी रात्री ऐकलं. निवेदक, निवेदक आणि निवेदक. बैल मुके, गर्दी मुकी. पुन्हा तेच: मंचावरच्या मिक्सरची केबल.

मैदानावरच्या प्रक्षेपणात हा प्रश्न सुटून शंभर वर्षं होत आली. बीबीसीनं जानेवारी १९२७ मध्ये रग्बी आणि फुटबॉलच्या सामन्यांचं समालोचन सुरू केलं. पुढे समालोचकासाठी ओठांना टेकवून धरायचा खास माइक आला, जो जवळचं बोलणं घेतो आणि भोवतीचा गोंगाट बाहेर ठेवतो. का? गर्दी नको म्हणून नव्हे. गर्दी हवी तेवढीच, वेगळ्या माइकनं, वेगळ्या फेडरवर घेता यावी म्हणून. रेडिओवर बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकलेली पिढी मैदान डोळ्यांसमोर उभं राहायचं असं सांगते, त्यात पंडितांच्या वाणीचा वाटा मोठा. पण वाक्य संपल्यावर मागून जी कुजबुज यायची, टाळ्या यायच्या, तिचाही वाटा असणारच.

शेवटचा तुकडा यूट्यूबचा. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं आवाजाचा ‘मोठेपणा’ कानाच्या हिशोबानं मोजण्याची पद्धत ठरवली, कारण टीव्हीवर जाहिराती कार्यक्रमापेक्षा कर्कश असत. त्या पद्धतीवर युरोपच्या प्रक्षेपकांनी २०१० मध्ये उणे २३ हे लक्ष्य ठरवलं. यूट्यूब साधारण उणे १४ च्या वरचं खाली ओढतं. म्हणजे लाइव्हवाला लाल पट्टीपर्यंत ओरडला तरी नंतर त्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या ओळीत बसवला जातो. फक्त फाटलेली टोकं तशीच राहतात. मामाला हे ऐकून आनंद झाला. “म्हंजी वरडून उपेग न्हाई, आसं कुणीतरी ठरवलं तर.”

पुढच्या सप्ताहाला मी तयारीनं गेलो. भाड्यानं डिजिटल मिक्सर आणला. लाइव्हसाठी वेगळी बस, प्री-फेडर. टाळांसाठी मांडवाच्या बांबूला उंच दोन माइक, जे फक्त लाइव्हला जातील, स्पीकरला नाहीत. नाहीतर शिट्टी ठरलेली. श्रोत्यांकडे तोंड करून आणखी एक. पखवाजाला दोन, शाईला एक, धुम्याला एक. बंद हेडफोन लावून मांडवाच्या मागे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीआड बसलो, म्हणजे थेट आवाज कमीत कमी येईल. पहिल्या संध्याकाळचा हरिपाठ वाया गेला: पेटीची वाहिनी पोस्ट-फेडर राहिली होती, मामानं मांडवात पेटी खाली घेतली की माझ्याकडेही खाली. दुसऱ्या दिवसापासून जमलं. पाचव्या दिवशी कमेंटमध्ये सुरतेहून कुणीतरी लिहिलं की टाळ ऐकून घरात उभा राहिलो.

फक्त पखवाजावर तात्या नव्हते. दिवाळीनंतर त्यांच्या उजव्या मनगटात काहीतरी झालं, बोटं वळेनात. गावातला अकरावीतला पोरगा वाजवत होता, त्यांनीच शिकवलेला. चांगला वाजवतो. तात्या पहिल्या रांगेत खुर्चीवर, मांडीवर डाव्या हातानं ठेका धरून.

म्हणजे तात्यांचं शेवटचं काल्याचं कीर्तन तेच, माझ्या केबलमधलं.

मी ते सोडलं नाही. हल्ली गाण्यातून ढोल, गळा, बाकी वाद्यं वेगळी करणारी सॉफ्टवेअर मिळतात. डेमक्स नावाचं एक फुकट आहे. ते पाश्चात्त्य ड्रमवर शिकलेलं, त्याला पखवाज म्हणजे काय ठाऊक नाही. पण एक गोष्ट माझ्या बाजूची होती. बुवांचा माइक उघडा होता आणि तात्या त्यांच्यापासून सहा फुटांवर. बुवा श्वास घ्यायला थांबले की त्या माइकमध्ये पखवाज झिरपत होता. साउंडवाले या झिरपण्याला शिव्या देतात. मी शनिवार-रविवार बसून ते झिरपलेलं वेगळं केलं, खालचे सूर उचलले, बुवांचे शब्द जिथे सुटत नव्हते तिथे सोडून दिले. मामाच्या मोबाइलवर मांडवातून घेतलेली चार मिनिटांची क्लिप निघाली. ती गजराच्या ठिकाणी जोडली. गजरात धुमा आला. लांबून येतो, नदीच्या पलीकडच्या गावातून आल्यासारखा, पण येतो.

जानेवारीत शिरूरला गेलो तेव्हा तात्यांना मोठे हेडफोन घातले. टोपी काढायला तयार नव्हते, टोपीवरूनच घातले. गजर लागला. त्यांनी डोळे मिटले. मग डावा हात उचलून मला थांबवायची खूण केली आणि म्हणाले, “मागं घे. त्या तिहाईला.”

मी मागं घेतलं. त्यांनी परत ऐकलं.

“चुकलो हाय तिथं,” तात्या म्हणाले. “एक मात्रा.”